पिस्तुलाची पहिली आंघोळ

नव्या वस्तूला आपल्या घराची सवय व्हायला वेळ लागतो. नवा माठ पहिले दोन दिवस पाणी गार करण्याऐवजी त्याला मातीचा वास देतो. नवा तवा पहिली दोन-तीन धिरडी स्वतःसाठी ठेवून घेतो. नवी चप्पल चावते. नवी छत्री ऐन पावसात उघडत नाही आणि एकदा उघडली की घराच्या दारात मिटत नाही. पूर्वी नवी स्कूटर घेतली की मागे ‘रनिंग इन’ अशी पाटी लावायची आणि पहिले काही दिवस चाळिसाच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, असा दंडक असे. त्या दिवसांत दुधाचे कॅन लावलेल्या सायकलीसुद्धा मालकाला मागे टाकून जात आणि मालक ते हसतमुखाने सोसत असे. नवी आहे, रुळेल हळूहळू! आपण नव्या वस्तूला जेवढी सवलत देतो तेवढी बदलून आलेल्या नव्या साहेबालासुद्धा देत नाही.

पण एक वस्तू अशी आहे की तिला ही सवलत देता येत नाही. ती म्हणजे पिस्तूल. माठाने पाणी गार केलं नाही तर आपण शेजारून मागून आणतो. दरोडेखोर समोर उभा असताना पिस्तूल अडकलं, तर ‘जरा थांबा हं, नवीन आहे, रुळायचंय अजून’ असं त्याला सांगता येत नाही. आणि शेजारून मागून आणण्याची तर सोयच नाही. परवाना ज्याच्या नावावर, पिस्तूल त्याच्याच हातात.

हे ज्ञान मला बँकेत बसून झालं, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पण कळवणसारख्या तालुक्याच्या गावी बँकेच्या काउंटरवर माणूस बसला की त्याला सगळ्या विषयांचं ज्ञान होतं. कांद्याचा भाव, गिरणेचं पाणी, चणकापूर धरणाचं आवर्तन, कोणाच्या मुलीचं कुठे जमतंय, सगळं काचेच्या त्या अर्धवर्तुळाकार भोकातून आत येतं. त्याच भोकातून एके दिवशी तात्यांनी मान खाली घालून मला हळूच सांगितलं, “साहेब, घेतलं.”

“काय घेतलं तात्या?”

“ते हो! ते!” असं म्हणून तात्यांनी उजव्या हाताची दोन बोटं माझ्यावर रोखली. माझ्यामागे बसलेल्या कॅशियरने घाईघाईने ड्रॉवर बंद केला.

तात्या कांद्याचे व्यापारी. वय बासष्ट, डोक्यावर पांढरी टोपी, खिशात चार पेनं, आवाज असा की लिलावात माइक लागत नाही. शेतकऱ्याला पैसे रोख हवे असतात, त्यामुळे हंगामात त्यांच्या पिशवीत पैसे आणि पोटात गोळा, दोन्ही कायमचे. दोन वर्षांपूर्वी नाशिकहून रात्री येताना एका मोटारसायकलने त्यांच्या गाडीचा बराच वेळ पाठलाग केला होता. झालं काहीच नाही. मोटारसायकल मध्येच कुठल्याशा फाट्याला वळून गेली. पण तात्यांची झोप तिच्याच मागच्या सीटवर बसून निघून गेली ती परत आली नाही. रात्री कुत्रं भुंकलं की ते उठायचे आणि दाराच्या कड्या मोजायचे.

म्हणून पिस्तूल. आता पिस्तूल म्हणजे काही किलोभर खारीक नव्हे, की गेलं आणि बांधून आणलं. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांची यात्रा करावी लागते. अर्ज, पोलिसांची चौकशी, शस्त्र नीट हाताळता येतं असा प्रशिक्षणाचा दाखला, जिल्हाधिकाऱ्यांची सही. अर्ज केला तेव्हाचा तात्यांचा फोटो आणि परवाना मिळाला तेव्हाचे तात्या यांत एका पिढीचं अंतर पडलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, हे तात्यांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. नाईन एमएमचं पिस्तूल सामान्य माणसाला मिळत नाही, त्याने .३२ वरच समाधान मानायचं, हेही मला तेव्हाच कळलं.

हे .३२ चं काडतूस ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन माणसाने १८९९ च्या सुमाराला काढलं. त्याचं पिस्तूल मात्र तयार झालं बेल्जियममध्ये. हा ब्राउनिंग मोठा हुशार कारागीर. १९२६ साली तो वारला तोसुद्धा बेल्जियममधल्या कारखान्यात, काम करता करता. आमच्या बँकेत काम करता करता वारलं तर आधी रजेचा अर्ज कोणी करायचा, यावर युनियनची मीटिंग बसेल. ते असो. ब्राउनिंगची करामत अशी की त्याने बंदुकीला स्वतःची कामं स्वतः करायला लावलं. गोळी पुढे जाते त्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे सरकते. सरकताना रिकामं काडतूस ओढून बाहेर भिरकावते. मग स्प्रिंगच्या जोराने पुढे येते आणि येता येता खालच्या मॅगझीनमधलं नवं काडतूस उचलून नळीच्या तोंडाशी चेंबरमध्ये बसवते. तुम्ही फक्त पुन्हा घोडा ओढायचा. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. सरकारी कचेरीत एक कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला लागणारा वेळ लक्षात घेतला, तर ब्राउनिंगच्या बुद्धीला नमस्कारच केला पाहिजे.

तात्यांचं पिस्तूल कोणत्या कारखान्याचं होतं ते मी सांगणार नाही. काडतुसांच्या तळावर मात्र ‘के. एफ.’ अशी इंग्रजी अक्षरं होती. के. एफ. म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली पुण्याची खडकी! १८६९ पासून तिथे दारूगोळा तयार होतो. २०२१ च्या ऑक्टोबरात सरकारने सगळ्या आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या, त्यातल्या दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्य ठाणंही पुण्यातच राहिलं. तात्यांना ही गोष्ट फार आवडली. “पुण्याचं आहे म्हणजे नेमकं जाणार आणि कमी जागेत जास्त बोलणार,” असं ते म्हणाले.

पिस्तूल घरी आलं ते २०२३ च्या नवरात्रात. आमच्या तालुक्यात नवरात्र म्हणजे सप्तशृंगीचा गड. देवीला अठरा हात आणि प्रत्येक हातात देवांनी दिलेलं आयुध. अशा देवीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने खंडेनवमीला शस्त्राची पूजा करायची नाही तर कोणी करायची? एरवी तात्यांच्याकडे वजनकाटा, ट्रॅक्टर आणि कोयता यांची पूजा होत असे. त्या वर्षी पाटावर मधोमध पिस्तूल. काकूंनी त्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. शेवटी पळीभर पाणी फिरवलं. पाण्याने नव्या वस्तूला गंज चढेल म्हणून तात्यांनी दुसऱ्या दिवशी घरातली खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि डोक्याला चोपडावं तसं पिस्तुलाला वरून, खालून, आतून, बाहेरून चोपडलं. पिस्तूल चकाकू लागलं. त्याचा वास मात्र शाळेत निघालेल्या मुलीसारखा येऊ लागला.

डिसेंबरात तात्यांनी मला नाशिकला नेलं. परवाना आहे म्हणून कांद्याच्या चाळीमागे उभं राहून बार काढता येत नाहीत. सरावासाठी रीतसर रेंजवर जावं लागतं. मला न्यायचं कारण म्हणजे हिशेब. “साहेब, परवान्यावर वर्षाला पन्नासच काडतुसं लिहिलीत. कुठलं कुठे गेलं ते तुम्ही मांडून ठेवा,” असं तात्या म्हणाले. कॉमर्सच्या पदवीचा असा उपयोग होईल असं मला परीक्षेला बसताना वाटलं नव्हतं. सकाळची वेळ, थंडी अशी की तोंडातून शब्दांऐवजी वाफ येत होती. पायात बूट, कानावर रेंजवाल्यांनी दिलेले मोठे कर्णफुलांसारखे डबे, डोक्यावर टोपी, अशा थाटात तात्या उभे राहिले.

पहिला बार झाला. तात्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. दुसरा बार झाला आणि रिकामं काडतूस बाहेर पडायच्या ऐवजी स्लाइडच्या फटीत अडकून उभं राहिलं, चुलीवरच्या धुराड्यासारखं. इंग्रजीत त्याला ‘स्टोव्हपाइप’च म्हणतात, असं तिथल्या प्रशिक्षकाने सांगितलं. त्याने ते काढून दिलं. मग एक काडतूस नळीच्या तोंडाशी नाक घासून तिरकं बसलं, शाळेत न जाणारं पोर दाराच्या चौकटीला पाय लावतं तसं. एकदा घोडा ओढला तर नुसतंच ‘टक्’. तात्या पिस्तूल वळवून नळीत डोकावणार, एवढ्यात प्रशिक्षक ओरडला, “हलवू नका! तोंड समोरच ठेवा! तीस सेकंद थांबा!” काडतूस कधी कधी उशिरा पेटतं म्हणे. ती तीस सेकंदं आम्ही सगळे पुतळ्यासारखे उभे होतो. माझ्या नोकरीतली सगळ्यांत लांब तीस सेकंदं ऑडिटरसमोरची होती. हिने तो विक्रम मोडला.

शेवटी मी पावतीच्या पाठीमागे ताळेबंद मांडला. एकूण काडतुसं दहा. विनातक्रार उडालेली चार. उडून धुराडं झालेली तीन. नळीच्या तोंडाशी रुसलेली दोन. नुसतं टक् म्हणालेलं एक. बेरीज जुळली. तात्यांचं तोंड मात्र जुळत नव्हतं. परतीच्या पाऊणशे किलोमीटरच्या वाटेत ते एकच वाक्य बोलले, “दहातली चार! साहेब, एवढे मार्क मिळाले म्हणून मी शाळा सोडली होती.”

मग गावातले तज्ज्ञ जमले. आपल्याकडे मोटार बंद पडली की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस मेकॅनिक होतो. पिस्तूल बंद पडलं तर ज्यांनी जन्मात पिचकारीही उडवलेली नाही ते सेनापती होतात. विकणाऱ्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, “नवीन आहे, दोनशे बार झाले की सुरळीत होईल.” मी हिशेब केला. वर्षाला पन्नास काडतुसं, म्हणजे चार वर्षं. पिस्तूल रुळणार आणि पाठोपाठ परवान्याचं नूतनीकरण येणार! तात्यांचे मेहुणे म्हणाले, कपाटाचं तोंड दक्षिणेला आहे. तात्यांचा मुलगा म्हणाला, विकून टाका. काकू म्हणाल्या, “मी पूजा केली तेव्हाच फूल डावीकडे पडलं होतं. मी बोलले नाही.”

आणि तात्या? तात्यांची झोप आणखी उडाली. आधी फक्त चोराची भीती होती, आता चोर आणि पिस्तूल अशा दोघांची. जानेवारीतल्या एका रात्री वाड्यामागे कुत्री फार भुंकली. तात्या उठले, त्यांनी मॅगझीन बसवलं, स्लाइड ओढली, खिडकीशी तासभर उभे राहिले. कोणी नव्हतं. त्यांनी मॅगझीन काढून घेतलं, पिस्तूल कपाटात ठेवलं आणि झोपले. ही गोष्ट त्यांनी दुसऱ्या दिवशी मला काउंटरवर सांगितली. मी तेव्हा तिची नोंद चालू खात्यात घेतली, मुदत ठेवीत नाही. म्हणजे ऐकली आणि पुढचा टोकन नंबर पुकारला. ती ऐकणारा आणखी एक माणूस दाराशी स्टुलावर बसला होता.

तो माणूस म्हणजे आमचे हवालदार. बँकेचे बंदूकधारी रक्षक. फौजेतून सतरा वर्षांनी निवृत्त होऊन आमच्या दाराशी बसले. त्यांच्याजवळ जुनी दुनळी बंदूक आहे. तिच्या आवाजाचा मान अजून आमच्या शाखेला मिळालेला नाही, पण ती इतकी स्वच्छ असते की शाखेतली पोरं तिच्यात बघून भांग पाडतात. हवालदार सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी तात्या निघाले तसे ते उठले आणि म्हणाले, “तात्या, रविवारी मी येतो. तोवर त्या कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली कमरेला ठेवा. पोरांना त्या खोलीत जाऊ देऊ नका.” आवाज असा होता की तात्यांनी का, म्हणून विचारलं नाही.

रविवारी सकाळी तात्यांच्या ओसरीवर सतरंजी घातली गेली. वर जुनं पांढरं धोतर. हवालदारांनी पिशवीतून एकेक वस्तू काढून ओळीने मांडली. रॉकेलची छोटी डबी, पितळी तारांचा ब्रश, लांब काडी, दात घासायचा जुना ब्रश, यंत्राच्या तेलाची कुपी आणि पांढऱ्या फ्लॅनेलचे कापलेले तुकडे. “चिंदी,” ते म्हणाले. “चार इंच बाय दोन इंच. तेल द्यायची चिंदी चार बाय दीड. फौजेत हे मोजून बघतात.” आमच्या मराठीत ज्याच्या चिंध्या होतात त्याची इज्जत जाते. फौजेत चिंदीचीच इज्जत असते, हे मला प्रथमच कळलं.

तात्यांचा पाच वर्षांचा नातू उंबऱ्यात बसून डोळे विस्फारून बघत होता. हवालदारांनी काकूंना हाक मारली आणि त्याला घेऊन मागच्या दाराने मळ्यात जायला सांगितलं. मग तात्यांना म्हणाले, “आणा. दोन्ही हातांनी. तोंड भिंतीकडे.”

तात्यांनी आणलं. “मॅगझीन काढलेलंच आहे,” ते म्हणाले. “रिकामंच आहे हो ते.”

हवालदार काही बोलले नाहीत. त्यांनी पिस्तूल घेतलं, मातीच्या भिंतीकडे तोंड करून धरलं आणि स्लाइड मागे ओढली. ती कुरकुरत, नाखुशीने मागे आली. आणि आतून एक जिवंत काडतूस उडून धोतरावर पडलं. टप्, असा एवढासाच आवाज झाला.

ओसरीवर कोणी बोललं नाही. धोतरावर ते पितळी काडतूस गोल फिरून थांबलं आणि त्याच्या तळावरची ती खडकीची अक्षरं वर आली. त्या रात्री कुत्री भुंकली तेव्हा स्लाइड ओढली, म्हणजे एक काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसलं होतं. मॅगझीन काढल्याने ते बाहेर येत नाही. मॅगझीन म्हणजे कोठार. कोठाराला कुलूप घातलं म्हणून ताटात वाढलेलं परत कोठारात जात नाही. त्या रात्रीपासून हवालदारांनी कुलूप लावायला सांगेपर्यंत ते पिस्तूल उघड्या कपाटात, काकूंच्या शालींच्या खाली होतं. नातू रोज त्याच खोलीत दुपारी खेळत असे. त्याच्या खेळण्यातही एक पिस्तूल होतं, प्लॅस्टिकचं.

तात्या सतरंजीवर खाली बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांना इतकी वर्षं पाहतोय, लिलावात भाव कोसळला तेव्हाही त्यांची टोपी डोक्यावरून हललेली नव्हती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “ते दहातलं टक् म्हणणारं एक होतं ना साहेब, तसं तरी निघालं असतं हे.” मग स्वतःच म्हणाले, “पण चार उडाले होते.”

आमच्या तालुक्याला या गोष्टी नव्या नाहीत. गडावर दसऱ्याला बोकडबळीच्या वेळी मानवंदना म्हणून बंदुकीचे बार काढायची जुनी चाल होती. २०१६ च्या दसऱ्याला त्यातलेच छर्रे लागून भाविक जखमी झाले. तिथे कोणी कोणाचा वैरी नव्हता. सगळे देवीच्या पायाशी आलेले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीत आनंदाच्या भरात बार काढण्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली. पण कायदा लग्नाच्या मांडवात पोचतो; कपाटातल्या शालीखाली पोचायला हवालदार लागतो.

हवालदारांनी उपदेश केला नाही. त्यांनी काडतूस उचलून लांब ठेवलं, चेंबरमध्ये आधी डोळ्याने पाहिलं, मग करंगळी घालून पाहिलं. “डोळा खोटं बोलतो, बोट बोलत नाही,” एवढंच म्हणाले. मग तात्यांनाही बोट घालायला लावलं. मलाही लावलं. माझा काय संबंध, असं मी विचारणार होतो. पण त्यांच्या नजरेत ऑडिटर दिसला.

मग सुरू झाली आंघोळ. स्लाइड उतरली, स्प्रिंग निघाली, नळी बाजूला आली. आतलं दृश्य पाहून हवालदारांनी प्रथमच तोंड उघडलं ते बंद करायचं विसरले. सगळ्यांत खाली होतं कारखान्याचं वंगण. माल गोदामात पडून गंजू नये म्हणून चोपडतात ते, काकवीसारखं घट्ट. ते वापरण्यापूर्वी काढायचं असतं, हे सांगायचं दुकानदाराच्या मनातच राहिलं होतं. त्यावर खोबरेल तेलाचा थर. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशाच्या खाली गोठतं, हे ज्या गावात डिसेंबरात बाटली चुलीजवळ ठेवून डोक्याला तेल लावतात त्या गावाला सांगायला नको. पिस्तुलाला मात्र कोणी चुलीजवळ ठेवलं नव्हतं. आणि या दोन थरांच्या मध्ये, लोणच्यात मोहरी मुरावी तशी हळद आणि कुंकू. स्लाइडच्या खाचेत झेंडूची एक पाकळी. मॅगझीनच्या तळाशी एक अक्षत, अखंड.

“दहातली सहा कशी गेली ते बघा,” हवालदार म्हणाले आणि माझा ताळेबंद त्यांनी तीन वाक्यांत सोडवला. स्लाइड चिखलातून चालल्यासारखी मागे जाते, म्हणून रिकामं काडतूस भिरकावलं जात नाही. ते झालं धुराडं. तशीच दमून पुढे येते, म्हणून नवं काडतूस आत ढकललं जात नाही. ते झालं रुसलेलं. आतली टाचणी वंगणात रुतली, म्हणून काडतुसाच्या बुडाला टोला हलका बसला. ते झालं टक्. तीन रोग, औषध एक. दुकानदार, मेहुणे, मुलगा आणि दक्षिण दिशा, सगळे निर्दोष सुटले.

रॉकेलने सगळं धुतलं. नळीत मागच्या बाजूने ब्रश फिरला, पाठोपाठ चिंदी. पहिली चिंदी काळी आली, दुसरी तांबडी, तिसरी पिवळी. हळदीकुंकवाचा कार्यक्रम चालू असल्यासारखं वाटत होतं. अकराव्या चिंदीला पांढरा रंग दिसला. मग तेल. तात्या कुपी उलटी करणार, तेवढ्यात हवालदारांनी हात धरला. “थेंब! जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे एकेक थेंब. चेंबरमध्ये अजिबात नाही. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण.” पूजेला बसलेल्या यजमानाने पळी धरावी तसा तात्यांनी थेंब सोडला.

हे चाललं असताना मला गडाचीच आठवण झाली. २०२२ साली मंदिर काही आठवडे दर्शनाला बंद ठेवून देवीच्या मूर्तीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा लेप उतरवला, आणि त्या २६ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, मूळ रूपाचं दर्शन सुरू झालं. तेव्हा तात्या मला म्हणाले होते, “इतकी वर्षं आपण देवीला बघत होतो साहेब, पण आपणच वाहिलेलं बघत होतो.” माणूस ज्याला भितो किंवा ज्याच्यावर भरवसा ठेवतो, त्याच्यावर काही ना काही चोपडतच राहतो. आत काय आहे ते बघायचं धाडस नसतं.

काम संपता संपता तात्यांनी हवालदारांना विचारलं, “त्या रात्री मोटारसायकल मागे लागली होती, तेव्हा हे जवळ असतं तर?”

हवालदार शेवटची चिंदी घडी करत म्हणाले, “एका हातात स्टिअरिंग, एका हातात हे. तात्या, तुम्ही आधी गाडी खड्ड्यात घातली असती. मोटारसायकलवाला थांबून तुम्हाला दवाखान्यात घेऊन गेला असता.”

तात्या पहिल्यांदा हसले. दोन वर्षांत मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा रेंजवर गेलो. वीस काडतुसं. एकोणीस विनातक्रार, एक अडकलं. स्प्रिंग अजून ताठ आहे, असं प्रशिक्षक म्हणाला. शंभरात पंचाण्णव! बोर्डाच्या परीक्षेत एवढ्यावर पेढे वाटतात. तात्यांनी पेढे वाटले नाहीत. “विसातलं एक,” ते म्हणाले, “ते नेमकं कुठलं, हे आधी कळत नाही ना.”

त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, पिस्तुलासाठी भिंतीत पक्की तिजोरी बसवली आणि काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवली. त्याआधी आमच्या बँकेत लॉकर मागायला आले होते. पण लॉकरच्या करारात शस्त्रं ठेवायला मनाई असते, हे मी त्यांना वाचून दाखवलं. आणि दुसरी, ज्या ज्या शेतकऱ्याने ऐकलं त्याचे पैसे त्याच्या खात्यावर टाकायला सुरुवात केली. पिशवी हलकी झाली. माझं काउंटरवरचं काम वाढलं, पण त्याबद्दल मी तक्रार करणार नाही.

बोट घालून बघायची सवय मात्र तात्यांच्या अंगी मुरली. आता ते गॅसचा कॉक, तिजोरीचं कुलूप, मोटारीचा हँडब्रेक, सगळं डोळ्याने बघून झाल्यावर हाताने बघतात. परवा मी ‘तुमची रक्कम जमा झाली’ म्हणालो तर भोकातून बोट आत घालून म्हणाले, “पासबुकात दाखवा.”

२०२४ च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. आमचा तालुका दिंडोरी मतदारसंघात येतो. निवडणुकीत परवान्याची शस्त्रं पोलिस ठाण्यात जमा करायला सांगतात; तात्यांना तशी नोटीस आली. त्यांनी पिस्तूल स्वच्छ करून, चेंबरमध्ये बोट घालून, पावती घेऊन जमा केलं. मला वाटलं, आता यांची झोप कायमची गेली. पण एप्रिलात ते काउंटरवर आले तेव्हा चेहऱ्यावर तेज होतं. वजन वाढलं होतं. “साहेब, रात्री दहाला पडतो तो सहालाच उठतो,” ते म्हणाले. कुत्री भुंकत होतीच. पण चोर आलाच तर त्याला सांगण्यासारखं आता तात्यांजवळ होतं: पैसे बँकेत, पिस्तूल पोलिसांत, बाबा रे, चहा घेऊन जा.

२० मेला मतदान झालं, ४ जूनला निकाल लागला. आचारसंहिता उठली. ठाण्यातून फोन आला की घेऊन जा तुमचं. एकदा आला, दोनदा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तात्या माझ्यासमोरच उभे होते. त्यांनी फोन कानाला लावला, टोपी सारखी केली आणि लिलावातला आवाज शक्य तितका मऊ करून म्हणाले,

“राहू द्या की साहेब. विधानसभा काय, येईलच आता.”